वर चढणारी रेघ

ऐक. आधी नुसतं ऐक, मध्ये काही विचारू नकोस. तुझं ते "हो, पण" सुरू झालं की माझं सगळं विस्कटतं.

माझी मावशी तुला माहितीये. आईची धाकटी बहीण. विमानांच्या कारखान्यात चांगली इंजिनियर होती, एक दिवस सगळं सोडलं आणि संस्था काढली. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष. आईचं म्हणणं, "आकाशाकडे तोंड करून बसणाऱ्यांना एकत्र आणणार म्हणे! रिकामटेकड्यांची मोट बांधायला संस्था कशाला लागते?" आणि दुसऱ्या पक्षात मी, एकटी. पुढे पुढे तर दोघी बहिणी बोलायच्याच बंद झाल्या. काही निरोप असला तर माझ्यामार्फत. म्हणजे बघ, माणसं जोडायचं काम मी घरापासूनच करत आलेय.

कारण संस्थेत माझं काम तेच. जोडणं. अवकाशाचं खूळ डोक्यात असलेली माणसं कुठे कुठे विखुरलेली असतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्या गल्लीत आपण एकटेच वेडे. मग कुणी आम्हाला प्रश्न पाठवतं, मी उत्तर माहीत असलेलं माणूस शोधते आणि दोघांची गाठ घालून देते. एक शिंपी होता. त्याला एकच प्रश्न छळायचा, अंतराळवीराच्या हातमोज्यात बोटं वाकतात ती नेमकी कशी? कापड एवढं जाड, आत हवा भरलेली, आणि बोट तरी वाकतं! त्याला मी असे हातमोजे खरोखर बनवणाऱ्या एका बाईंशी जोडून दिलं. आता ते दोघं दर आठवड्याला भांडतात. नंतर वेगवेगळे फोन करून मला सांगतात की समोरच्याला काही म्हणजे काही कळत नाही. मावशी म्हणाली, "झालं! जोडणी पक्की."

आमची खोली एका प्रयोगशाळेच्या इमारतीत, सगळ्यात वरती. लिफ्ट एक मजला खालीच थांबते. दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही. गच्चीवर आमचा अँटेना, त्याची वायर खिडकीतून आत आणलेली, त्यामुळे खिडकी कधीच पूर्ण मिटत नाही, फटीत जुना टॉवेल कोंबलेला. ही खोली आम्हाला प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी दिलेली. त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. माणूस वाईट नाही गं. पण त्यांच्याकडे बघितलं की वाटतं, आत्ता म्हणतील, "बरं, मग, कधी निघताय?"

आता मुख्य गोष्ट. डबी.

डबी म्हणजे आमचा उपग्रह. खरं नाव लांबलचक आहे, ते कुणीच घेत नाही. पावाच्या लादीएवढा. पण तो कुणी एकाने बनवलेला नव्हता, समजलं का? सगळ्यांनी मिळून. बिजागऱ्या एका घड्याळजीच्या, सोलर पट्ट्या कुठल्याशा कॉलेजातल्या पोरींनी जोडलेल्या, शिंप्याने वायरींची वेणी घालून दिली. आणि डबीने वरून जो आवाज पाठवायचा, तो एका शाळेतल्या मुलांनी दिला. त्यांच्या बाईंनी आम्हाला विचारलं होतं की मुलांनी पण काही करायचं का. मावशी म्हणाली, डबीला बोलायला शिकवा. मुलांनी काय शिकवलं माहितीये? दार वाजवायचं. त्यांच्या वर्गात उशिरा येणाऱ्याने असं वाजवायचं ठरलंय, टक, टक-टक. म्हणजे बाई न बघताच म्हणतात, "या, उशिराचे राजे." तर डबीने वरून जाताना दर थोड्या वेळाने तेच वाजवायचं. टक, टक-टक. मी आले.

असल्या वस्तू नेहमी जोडीने बनवतात. एक वर जाते, एक खाली राहते. वरचीला काही झालं तर खालचीवर करून बघायला. आमची खालची म्हणजे जुळी. ती कपाटावर, कुंडीच्या शेजारी.

डबी वर गेली, आणि बोललीच नाही.

पहिल्या दिवशी सगळे कान लावून बसलेले, देशोदेशीची माणसं, आपापल्या गच्चीवर. फुसफुस. नुसती फुसफुस, तव्यावर पाणी पडल्यासारखी. दुसऱ्या दिवशी तेच. मावशी म्हणाली, बॅटरी भरायला वेळ लागतो. मग म्हणाली, गोल फिरत असेल, पट्ट्यांवर ऊन पडत नसेल. मग काहीच म्हणेनाशी झाली. डबी डोक्यावरून जायची त्याला आम्ही फेरी म्हणतो. प्रत्येक फेरीला कुणीतरी कान लावायचं अशी पाळी होती. हळूहळू पाळ्या रिकाम्या पडायला लागल्या. घड्याळजीचा मुलगा आजारी पडला, कॉलेजातल्या पोरी कॉलेजातून बाहेर पडल्या, कुणी "पुढच्या महिन्यापासून नक्की" असं कळवलं. तुला तो "नक्की" माहितीच आहे.

आणि डबी तर खाली यायला लागली होती. तिथे वर पण अगदी विरळ हवा असते. ती घासत राहते, उपग्रह हळूहळू खाली उतरतो आणि शेवटी जळून जातो. हे पहिल्यापासून माहीत होतं. पण आधी बोलेल आणि मग जळेल असं धरून चाललो होतो आम्ही.

डॉक्टर एकदा वर आले, टॉवेलकडे बघितलं, अँटेनाच्या वायरीकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुमची ती डबी पडल्यावर मग अँटेना कशासाठी लागेल तुम्हाला?" मावशी म्हणाली, "लागेल." डॉक्टर म्हणाले, "नाही, खोलीला मागणी आहे, म्हणून विचारलं." बस. एवढंच. पण ते गेल्यावर मावशी कितीतरी वेळ दाराला लाथ घालत होती, आणि दार तर केव्हाच लागलं होतं.

एकच माणूस शेवटपर्यंत एकही फेरी चुकवायचा नाही. उस्ताद. जन्मभर बोटीवर वायरलेस ऑपरेटर होते. हे असे दाट पांढरे कल्ले, आणि कानाला हेडफोन लावले की डोळे मिटून घ्यायचे. मी चिडवायचे, "उस्ताद, झोपलात?" तर डोळे न उघडता म्हणायचे, "पोरी, समुद्रात बुडणाऱ्या माणसाचा आवाज उघड्या डोळ्यांनी ऐकू येत नाही."

आणि एका सकाळी मी जिना चढून येतेय, तर वर आरडाओरडा. मला वाटलं आग लागली. आत बघते तर उस्ताद खुर्चीवरून उठून उभे, हेडफोन गळ्यात, आणि टेबलावर बोटाने वाजवतायत. टक, टक-टक. टक, टक-टक. मग एकदम म्हणाले, "ताईंना बोलाव! आली! उशिराची राणी आली!"

काय सांगू तुला. मावशी आली, रेकॉर्डिंग ऐकलं, आणि खाली जमिनीवर बसली. हसत होती. किती महिन्यांनी हसत होती! खरखरीतून स्पष्ट, टक, टक-टक. आणि एवढंच नाही, आवाज चढत जात होता. सुरुवातीला खर्जात आणि मग वर, वर, वर. उस्ताद म्हणाले, "उन्हात आली ना, गरम होतेय, म्हणून सूर चढतोय. जागी होतेय!" नंतरच्या फेरीलाही ऐकू आली, जरा क्षीण. मग परत गप्प. पण आता कोण निराश होतंय! जिवंत आहे, बॅटरी भरली की बोलेल!

मी ते रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवलं. आणि सगळे परत आले. खरंच सगळे. घड्याळजी, पोरी, शिंपी, ज्यांचे पत्ते सुद्धा बदलले होते ते. नवीन माणसं आली. एकजण म्हणाला, मी दुर्बीण विकायला काढली होती, आता नाही विकत. रेकॉर्डिंगचं चित्र पण असतं, आवाज रेघेसारखा दिसतो. ती रेघ खालून वर तिरकी चढत गेलेली. लोकांनी तिचे बिल्ले केले! स्वतःच्या फोटोच्या जागी ती रेघ लावली. बाईंच्या वर्गातल्या मुलांनी ती भिंतीवर रंगवली. डॉक्टर वर आले, दमले होते जिना चढून, आणि म्हणाले, "वर्षाची सभा खालच्या मोठ्या सभागृहात घ्या. मीही येतो." आणि हे ऐक. आईने मावशीला फोन केला. स्वतःहून! मी शेजारीच होते. आई म्हणाली, "बोलली म्हणे तुझी डबी." मावशी म्हणाली, "हो." मग आई म्हणाली, "जेवतेस का वेळेवर?" मावशीने फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, लहान मुलीसारख्या.

आणखी एक गोष्ट झाली होती, ती लक्षात ठेव. ऐकू आलेली टकटक डबीच्या ठरलेल्या जागेवर नव्हती. रेडिओवर प्रत्येकाची एक जागा असते ना, स्टेशनसारखी. ही जरा बाजूला होती. उस्ताद म्हणाले, "थंडीवाऱ्यात सरकली असेल." तर सगळ्यांनी आपापले रेडिओ त्या नव्या जागेवर लावले.

आता सभेच्या आधीचे दिवस. मला मावशीने सांगितलं, ती रेघ मोठ्या पडद्यासाठी नीट करून दे. म्हणून मी शेजारी लावायला दुसऱ्या उपग्रहांच्या रेघा काढल्या. आणि परत परत बघत राहिले.

सोपं करून सांगते. रुग्णवाहिका जवळ येते तेव्हा भोंगा चढा लागतो, आणि पुढे निघून गेली की पडतो, बरोबर? उपग्रहाचं तसंच. येताना चढा, जाताना उतरता. पण आमचा कॉम्प्युटर हे आधीच ओळखून असतो. उपग्रह कसा जाणार हे त्याला माहीत असतं, म्हणून तो स्वतःच रेडिओ तेवढा तेवढा सरकवत जातो. म्हणजे उतरणारा आवाज शेवटी सरळ ऐकू येतो. वरून येणाऱ्या प्रत्येक उपग्रहाची रेघ आमच्याकडे पट्टीने आखल्यासारखी सरळ आडवी. प्रत्येकाची. मग आमचीच तिरकी का?

बघ हं. समजा आवाज करणारी वस्तू हललीच नाही. एका जागी ठेवलेली आहे. आणि कॉम्प्युटर मात्र ती पळतेय असं समजून रेडिओ खाली खाली सरकवतोय. मग तो स्थिर आवाज कसा ऐकू येईल? चढत जाणारा.

मी मान वळवली. कपाटावर कुंडी. कुंडीच्या शेजारी जुळी. तिच्या मागचं बटण चालू होतं. दिवा बंद. बॅटरी पार मेलेली. आवाज जरा बाजूला का होता तेही कळलं, जोडीने बनवल्या तरी दोघींची रेडिओवरची जागा तंतोतंत एक नसते.

मला आठवलं गं लगेच. टकटक ऐकू यायच्या आदल्या दिवशी बाईंच्या वर्गातल्या मुलांशी व्हिडिओवर बोलणं होतं. एका मुलीने विचारलं, "डबी बोलली असती तर कसं वाजलं असतं?" आणि मावशीने जुळी खाली घेतली, बटण दाबलं, रेडिओजवळ धरली. मुलं खूश. मग कुणीतरी हाक मारली, तिने जुळी परत वर ठेवली. एवढंच. कुणाच्याही हातून झालं असतं.

मी मावशीला शोधायला गेले. ती खाली, कप धुवायच्या जागी होती. सभेसाठी सगळ्या खोल्यांतले कप गोळा करून धूत होती, प्रत्येक वेगळ्या आकाराचा.

मी म्हटलं, "मावशी, रेघ तिरकी आहे."

"असू दे ना, तिरकीच छान दिसते."

"मावशी, बाकीच्या सगळ्या सरळ आहेत."

तिचा हात थांबला. नळ चालू. तिनेच मला शिकवलं होतं हे सगळं, त्याच बेसिनपाशी, तोंडात शिट्टी धरून गोल फिरून दाखवलं होतं. त्यामुळे पुढचं वाक्य मला बोलावं लागलंच नाही. ती म्हणाली, "जुळी?"

"बटण चालू आहे."

तिने नळ बंद केला. हातातला कप पुसला, ठेवला, परत उचलला, परत पुसला.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"बरं." मग म्हणाली, "चिमणे, मला कसं नाही दिसलं गं?"

मी म्हटलं, "मावशी, सभा झाल्यावर सांगू ना. डॉक्टर येतायत. आईसुद्धा येतेय." मी खरंच असं म्हटलं. तर ती म्हणाली, "डबीचे थोडेच दिवस उरलेत. आणि तिला ऐकणारं प्रत्येक माणूस आज जुळीच्या जागेवर कान लावून बसलंय. ती खरंच बोलली तर? ठरल्या जागी, हळूच बोलली तर? ऐकायला कोण आहे?"

मी फडकं घेतलं आणि कप पुसायला लागले.

सभेचा दिवस. सभागृह भरलेलं, मोठ्या पडद्यावर चौकोनच चौकोन, एकेका चौकोनात एकेक माणूस, कुणाच्या मागे सकाळ, कुणाच्या मागे दुपार. जवळपास सगळ्यांच्या छातीवर ती रेघ. आई पहिल्या रांगेत, इस्त्रीचे कपडे घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून. उस्तादांनी कल्ले नीट कापून घेतले होते.

मावशी उभी राहिली. कागद नाही, काही नाही. तिने मला रेघ लावायला सांगितली, शेजारी सरळ रेघा लावायला सांगितल्या, आणि सगळं सांगितलं. शिट्टी, रुग्णवाहिका, जुळी, बटण. म्हणाली, "बटण मी चालू ठेवलं. चूक माझी आहे. डबी आजवर एकदाही बोललेली नाही. पण अजून ती वर आहे. माझी विनंती आहे, रेडिओ परत जुन्या जागेवर लावा. शेवटचे थोडे दिवस."

मला वाटलं, आता लोक रडतील. चिडतील. उठून जातील. यातलं काही झालं असतं तरी परवडलं असतं.

कुणीतरी टाळी वाजवली. का, तर काय प्रामाणिक बाई आहे! मग शिंपी पडद्यावरून म्हणाला, "ताई, तुम्ही फार मनाला लावून घेता." हातमोजेवाल्या बाई म्हणाल्या, "पहिल्यांदाच मी याच्याशी सहमत आहे." लोक हसले. मग एक नवीन माणूस म्हणाला, जुळी चालू होती हे मान्य, पण म्हणून डबी त्याच वेळी बोललीच नाही हे कसं ठरलं? मग दुसरा म्हणाला, मी परवाच नव्या जागेवर ऐकली आहे, माझ्या गच्चीवरून, तुमची जुळी काय माझ्या गच्चीवर होती का? मग तिसऱ्याने पण ऐकलेली निघाली. चौथ्याने पण.

मावशी म्हणाली, "रेकॉर्डिंग पाठवा."

"रेकॉर्ड नाही केलं हो, पण कान आहेत ना."

"उस्ताद," मावशी म्हणाली, "तुम्ही तरी सांगा. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते ते?"

उस्ताद उठले. म्हणाले, "ताई, मी जन्मभर आवाजाची वाट बघितली. कधी कधी बोट बुडायची आणि आवाज यायचाच नाही. हा आला. तो मी परत द्यायचा का? कुणाला द्यायचा?"

"उस्ताद, ती जुळी होती. कपाटावरची."

"तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, आशा सोडायची नाही म्हणून? या सभागृहातल्या प्रत्येकाला शिकवलंत. आता तुम्हीच सोडताय." आणि टाळ्या. अगं, तुफान टाळ्या. मावशीला नव्हे, त्यांना.

डॉक्टर मात्र टाळ्या वाजवत नव्हते. त्यांना सगळं बरोबर समजलं होतं. जाताना मावशीला हळूच म्हणाले, "स्पष्टपणे बोललात ते आवडलं. खोलीचं मात्र आता..." आणि वाक्य तसंच सोडून गेले. बघ ना, ज्याला पटलं त्याने खोली काढून घेतली, आणि ज्यांना जोडायला आम्ही आयुष्य घातलं त्यांना पटलंच नाही.

आई दारापाशी थांबली होती. मावशी जवळ आली तशी म्हणाली, "म्हणजे बोलली नाही ती?" मावशी म्हणाली, "नाही." आई म्हणाली, "मग सांगायचं कशाला चारचौघांत?" आणि पर्स काखेत मारून निघून गेली. परत फोन नाही. आता निरोप पुन्हा माझ्याकडे.

लोकांनी वेगळा गट केला. आम्हाला न विचारता, पण अगदी प्रेमाने हं. "ताईंना विश्रांतीची गरज आहे" असं लिहून. घड्याळजीने पाळ्या लावून दिल्या, कॉलेजातल्या पोरींनी नकाशा केला, एकमेकांना रोज सुप्रभात. एकही फेरी रिकामी जात नव्हती. आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्यांनी आठवड्यात करून दाखवलं. सगळे एकमेकांना घट्ट धरून, सगळे चुकीच्या जागेवर.

जुन्या जागेवर आम्ही दोघीच. मावशी आणि मी. हेडफोनचा एक कान तिला, एक मला. फेरी यायची, फुसफुस, फेरी जायची. मधल्या वेळात खोक्यांत सामान भरायचं. उस्तादांची खुर्ची तशीच ठेवली होती. मला वाटायचं ते येतील. नाही आले. एकदा जिन्यात भेटले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, काल स्पष्ट आली होती." मी "हो का" म्हटलं.

आणि खरं सांगू? मला पण ऐकू यायला लागली होती. खरंच. फुसफुशीत कान घालून बसलं की थोड्या वेळाने टकटक येतेच. मी मावशीकडे बघायचे, ती मान हलवायची. नाही. रेघ बघायचो. काहीच नसायचं. कोरं.

शेवटची फेरी सकाळी होती, उन्हाची. मावशीने टॉवेल काढून खिडकी उघडली, उगाचच, जसं काही ती खिडकीतून येणार होती. आम्ही बसलो. फुसफुस. फेरी संपली. पुढच्या फेरीच्या वेळेपर्यंत डबी राहिलीच नव्हती, कुठेतरी समुद्रावर जळून गेली होती ती. गटावर मात्र लोक लिहीत होते, शेवटची टकटक ऐकलीत का? किती स्पष्ट! जाता जाता दार वाजवून गेली! कुणी रडतंय, कुणी एकमेकांना भेटायला निघालंय. आणि खाली ती रेघ. वर चढणारी.

मावशीने हेडफोन खोक्यात ठेवला. वायर गुंडाळायला लागली.

आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. बाई. शाळेतल्या.

त्या म्हणाल्या, "मुलं समोर बसलीत, आवाज मोठा केलाय." मग जरा बाजूला होऊन हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ, सभेत मीही होते. तुझ्या मावशीचं मला पटलेलं आहे. पण मुलांच्या घरी सगळ्यांनी सांगितलंय की शेवटी डबीने दार वाजवलं. निम्मी म्हणतायत वाजवलं, निम्मी म्हणतायत नाही. भांडणं चाललीत. मी काय सांगू ते कळेना. तर ती म्हणाली, त्या ताईंना विचारू, जोडून देणाऱ्या. त्या खोटं सांगत नाहीत."

"ती कोण?" मी विचारलं.

"जिने विचारलं होतं ना, कसं वाजलं असतं म्हणून. ती."

मग फोन परत मुलांकडे. एवढा मोठा वर्ग आणि चिडीचूप. फक्त श्वास. मावशी समोर उभी, काखेत वायरीचं भेंडोळं, हातात जुळी. तिला सगळं ऐकू जात होतं. मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं काहीतरी खूण करेल, हो की नाही. ती नुसती जुळीकडे बघत होती, मागचं ते बटण अंगठ्याने चाचपत.

आणि ती मुलगी म्हणाली, "ताई, आम्ही शिकवलं होतं ना तिला. मग तिने वाजवलं ना शेवटी?"

आणि मागून कुणीतरी, बाकावर, हळूच, टक, टक-टक.

आता बोल. तू काय केलं असतंस?